लॅपटॉपमध्ये दुसरी हार्ड डिस्क: आधी जागा पाहा, मग डिस्क विकत घ्या

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपमधील १ टीबीची हार्ड डिस्क जवळजवळ भरली आहे, विंडोज सुरू व्हायला फार वेळ लागतो आणि डीव्हीडी ड्राइव्ह कित्येक महिन्यांत उघडलेलाही नाही. त्या ड्राइव्हच्या जागी दुसरी डिस्क बसवता येईल का, बसवली तर विंडोज कोणत्या डिस्कवर ठेवावे आणि काढलेल्या डीव्हीडी ड्राइव्हचे काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. डिस्क बसवता येईल, आणि हे काम घरी करण्यासारखे आहे. मात्र लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात माझ्याकडे आलेले असे फसलेले प्रयत्न आठवून पाहिले, तर त्यांतले बहुतेक स्क्रू काढण्याच्या आधीच, म्हणजे खरेदीच्या वेळीच फसलेले होते. कोणी साटा सॉकेटसाठी एनव्हीएमई एसएसडी (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क; साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) आणली होती, कोणी अर्धा सेंटिमीटरच्या जागेत जाडजूड डिस्क घालण्याचा प्रयत्न केला होता. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की, लॅपटॉप उघडून आतली जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नये.

दुसरी डिस्क राहू शकेल अशा जागा लॅपटॉपमध्ये सहसा तीनच असतात: डीव्हीडी ड्राइव्हचा खण, अडीच इंची डिस्कसाठी ठेवलेला रिकामा खण आणि मदरबोर्डवरील एम.२ सॉकेट, म्हणजे पट्टीसारख्या पातळ एसएसडीची जागा. आपल्या यंत्रात यांपैकी काय आहे, हे कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल. अनेक मोठ्या कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत देतात. तिच्यात कोणता स्क्रू कुठे, किती लांबीचा आणि कोणत्या क्रमाने काढायचा, हे चित्रांसह दिलेले असते. जाहिरातीच्या पानावरील माहितीवर विसंबू नये, कारण एकाच नावाच्या मालिकेत चार-पाच वेगवेगळे मदरबोर्ड असू शकतात आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांपैकी एकात सॉकेट लावलेले असते, तर दुसऱ्यात त्याच ठिकाणी नुसते डाखाचे ठिपके असतात. तळाच्या लेबलवर असलेला संपूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि त्यावरूनच शोध घ्यावा.

आपल्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असल्यामुळे त्या खणाविषयी आधी सविस्तर सांगतो. या खणात डिस्क बसवण्यासाठी जी चौकट मिळते तिला सगळीकडे 'कॅडी' म्हणतात. कॅडीचा बाहेरील आकार डीव्हीडी ड्राइव्हसारखा असतो आणि तिच्या आत अडीच इंची डिस्क आडवी बसते. कॅडी मुख्यतः दोन जाडींत मिळते, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. आपला डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून त्याची जाडी पट्टीने मोजावी आणि त्याच मापाची कॅडी घ्यावी. जाड कॅडी पातळ खणात शिरणार नाही, हे उघडच आहे. पातळ कॅडी मात्र जाड खणात शिरते आणि तिथेच घोटाळा होतो, कारण ती आत हलत राहते, कनेक्टरवर ताण येतो आणि काही आठवड्यांनी डिस्क मधूनमधून दिसेनाशी होऊ लागते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कनेक्टर. पातळ डीव्हीडी ड्राइव्हच्या साटा जोडणीत माहितीसाठी ७ आणि विजेसाठी ६ पिना असतात, तर अडीच इंची डिस्कच्या जोडणीत माहितीच्या ७ पिना असल्या तरी विजेच्या १५ असतात. डिस्क या खणात थेट जोडता येत नाही ती याच कारणाने. कॅडीच्या आतील छोटा बोर्ड हा फरक भरून काढतो. डीव्हीडीच्या खणात फक्त ५ व्होल्टचा पुरवठा असतो, पण अडीच इंची डिस्कला तेवढाच लागतो, त्यामुळे अडचण येत नाही. लॅपटॉप फार जुना असेल, तर त्यातील डीव्हीडी ड्राइव्ह साटाऐवजी आयडीई या जुन्या जोडणीचा असू शकतो. त्याच्या मागे पट्ट्यांऐवजी एक रुंद, दाट दातांचा कनेक्टर दिसतो आणि त्यासाठी वेगळी कॅडी लागते.

डीव्हीडी ड्राइव्ह काढणे हे या सगळ्या कामातील सर्वांत सोपे पाऊल आहे. बहुतेक लॅपटॉपच्या तळाशी त्याला धरून ठेवणारा एकच स्क्रू असतो आणि त्याच्या शेजारी अनेकदा तबकडीचे चिन्ह कोरलेले असते. तो काढला की ड्राइव्ह बाजूने सरकत बाहेर येतो. त्याच्या मागच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी दोन बारीक स्क्रूंनी जोडलेली असते. ती काढून कॅडीवर त्याच ठिकाणी लावायची, नाहीतर कॅडी खणात अडकून राहणार नाही आणि लॅपटॉप उचलताच बाहेर डोकावू लागेल. समोरची प्लास्टिकची पट्टीही उतरवता येते. त्यासाठी यंत्र बंद असताना ड्राइव्हच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन घालून ट्रे थोडा बाहेर काढावा, म्हणजे पट्टीच्या खाचा मोकळ्या होतात. ही पट्टी कॅडीला लावली की लॅपटॉपची कड पूर्वीसारखीच दिसते. कॅडीसोबत येणारी पट्टी सपाट असते आणि वक्र कडेच्या लॅपटॉपला ती शोभत नाही.

या खणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनेक लॅपटॉपमध्ये मुख्य खणाला, म्हणजे जिथे आत्ताची डिस्क आहे त्या खणाला, सेकंदाला ६ गिगाबिटची साटा जोडणी दिलेली असते, पण डीव्हीडीच्या खणाला ३ गिगाबिटची किंवा त्याहूनही हळू, कारण डीव्हीडीला त्याहून जास्त वेगाची गरजच नसते. ६ गिगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला कमाल ६०० मेगाबाइट आणि ३ गिगाबिट म्हणजे ३००. साध्या हार्ड डिस्कचा वेग १०० ते १५० मेगाबाइटच्या आसपास असतो, म्हणून तिला ३०० ची जोडणी भरपूर झाली. ५५० पर्यंत जाऊ शकणारी एसएसडी मात्र तिथे अर्ध्यावर अडते. शिवाय काही लॅपटॉपचे बायोस (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम) या खणातील डिस्कवरून यंत्र सुरूच करू देत नाही, तर काही लॅपटॉप झोपेतून जागे झाल्यावर या खणाकडे पुन्हा नीट पाहत नाहीत. तिसरी मर्यादा धक्क्यांची आहे. मुख्य खणात डिस्कभोवती रबराचे आधार असतात, आणि काही लॅपटॉपमध्ये यंत्र पडू लागल्याचे ओळखून डिस्कचे हेड बाजूला घेणारी व्यवस्था असते. कॅडीतील डिस्कला हे संरक्षण सहसा मिळत नाही.

आता दुसरी जागा. ज्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातून एम.२ एसएसडी आलेली असते, त्यांतील काहींत अडीच इंची डिस्कसाठी खण तसाच रिकामा असतो. झाकण उघडल्यावर तो चटकन ओळखू येतो. पण तिथे डिस्क जोडण्यासाठी लागणारी पातळ रिबन केबल आणि धातूची चौकट कंपनीने दिलेली असेलच असे नाही. ती त्या मॉडेलच्या पार्ट क्रमांकानुसार वेगळी मागवावी लागते. आणखी एक फसवी गोष्ट अशी की, एकाच मॉडेलमध्ये लहान आणि मोठी अशा दोन बॅटऱ्या दिल्या जातात आणि मोठ्या बॅटरीच्या प्रकारात हा खण बॅटरीनेच व्यापलेला असतो.

तिसऱ्या जागेविषयी, म्हणजे एम.२ विषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबून लिहितो. एम.२ हे केवळ आकाराचे आणि सॉकेटचे नाव आहे. त्यातून माहिती कोणत्या पद्धतीने धावते, हे त्यावरून कळत नाही. एम.२ आकाराची एसएसडी साटा पद्धतीची असू शकते किंवा पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरील वेगवान मार्गावर चालणाऱ्या एनव्हीएमई पद्धतीची. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, एकाच स्क्रूने बसणाऱ्या, पण परस्परांच्या जागी न चालणाऱ्या. सॉकेट कधी फक्त साटा समजते, कधी फक्त एनव्हीएमई, तर कधी दोन्ही. एसएसडीच्या पट्टीवरील खाचेवरून अंदाज येतो: साटा एसएसडीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक. परंतु एक खाच असलेल्या साटा पट्ट्या आणि दोन खाचा असलेल्या एनव्हीएमई पट्ट्याही अस्तित्वात आहेत, म्हणून खाच हा पुरावा न मानता मॅन्युअलमधील शब्दच प्रमाण मानावा. लांबीही पाहावी लागते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्याच न्यायाने २२४२ आणि २२३० हे आखूड प्रकार आहेत. ८० मिलिमीटरची पट्टी ४२ मिलिमीटरच्या जागेत वाकवून बसत नाही आणि आखूड पट्टी लांब जागेत बसवायची तर तिच्या टोकाशी स्क्रूचा आधार हवा.

वायफाय कार्डाचे सॉकेटही एम.२ च असते, परंतु त्याची खाच वेगळ्या ठिकाणी असते. ते सॉकेट पाहून 'माझ्याकडे जागा आहे' असे समजून एसएसडी आणणारे लोक मी पाहिले आहेत. काही मदरबोर्डवर असेही होते की, एम.२ सॉकेटमध्ये साटा एसएसडी लावताच अडीच इंची खण बंद पडतो, कारण दोघांना मिळून एकच साटा मार्ग दिलेला असतो. मॅन्युअलच्या तळटीपांत हे लिहिलेले असते आणि तळटीपा कोणी वाचत नाही.

जागा नक्की झाली की डिस्कची निवड. अडीच इंची हार्ड डिस्क ७, ९.५ आणि १५ मिलिमीटर जाडीत मिळते. आजच्या लॅपटॉपच्या खणात आणि पातळ कॅडीत निर्धास्तपणे बसते ती ७ मिलिमीटरचीच, आणि या जाडीत कमाल क्षमता २ टीबी आहे. ४ किंवा ५ टीबीच्या अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, त्यांचा विचारच करू नये. बाहेरून लावायची पोर्टेबल डिस्क फोडून आतली डिस्क लॅपटॉपमध्ये घालण्याची युक्तीही टाळावी, कारण अशा काही डिस्कच्या बोर्डावर साटा कनेक्टर नसतोच. यूएसबीचा कनेक्टर थेट बोर्डालाच डाखलेला असतो.

या जाडीच्या १ आणि २ टीबीच्या बहुतेक हार्ड डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. छायाचित्रे, चित्रफिती, जुने दस्तऐवज एकदा लिहून ठेवायचे आणि नंतर वाचायचे असतील, तर ती उत्तम चालते. सतत बदलणाऱ्या मोठ्या फायलींसाठी, उदाहरणार्थ आभासी यंत्रांच्या (संगणकातच सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकांच्या) डिस्क फायलींसाठी, ती फार संथ ठरते, कारण एक पट्टी बदलायची तर तिच्या शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात.

आपल्या बाबतीत खरे दुखणे दोन आहेत, जागा अपुरी आहे आणि यंत्र संथ आहे. दुसरी हार्ड डिस्क आणल्याने पहिले दुखणे बरे होईल, दुसरे मुळीच होणार नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी आणि हेड सरकण्याचे साधारण १२ मिलिसेकंद धरले, तर इकडेतिकडे विखुरलेल्या लहान तुकड्यांपैकी सेकंदाला ५५ ते ६० तुकडेच वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो तुकड्यांची गरज असते. एसएसडीला फिरायचे नसल्यामुळे ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. म्हणून आपल्याला माझा स्पष्ट सल्ला असा आहे की, नवी वस्तू एसएसडी घ्यावी, विंडोज तिच्यावर ठेवावे आणि आहे ती १ टीबीची डिस्क निरोगी असेल, तर ती साठवणीसाठी वापरावी.

मग कोणती डिस्क कोणत्या खणात? लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई चालवणारे सॉकेट असेल, तर प्रश्नच मिटतो: एसएसडी तिथे बसवावी आणि जुन्या डिस्कला हात लावू नये, कॅडीचीही गरज नाही. तसे नसेल, तर एसएसडी मुख्य खणात आणि जुनी डिस्क कॅडीत, ही माझी नेहमीची मांडणी आहे. मुख्य खणात पूर्ण वेग मिळतो, यंत्र तिथून नक्की सुरू होते आणि झोपेतून जागे होण्याच्या तक्रारी येत नाहीत. कॅडीतील हार्ड डिस्कला धक्क्यांचा धोका राहतो हे खरे आहे, म्हणून ज्यांचा लॅपटॉप चालू अवस्थेतच सतत प्रवासात असतो, त्यांनी कॅडीतही एसएसडीच ठेवावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये प्रत्येक डिस्कपुढे साटा/३०० आणि साटा/६०० यांसारखे दोन आकडे दिसतात. पहिला प्रत्यक्ष मिळणारा वेग असतो, दुसरा डिस्कची क्षमता. दोन्ही ठिकाणी ६०० दिसत असेल आणि यंत्र कॅडीवरून सुरू होत असेल, तर उलट मांडणी करून हार्ड डिस्कला मुख्य खणाचे रबरी आधार द्यावेत.

बॅटरीवर परिणाम होतो, पण भीती वाटावी इतका नाही. फिरत असलेली पण काम न करणारी अडीच इंची डिस्क एक वॅटच्या आत-बाहेर वीज घेते. ४५ वॉट-तासांची बॅटरी आणि ९ वॅटचा सरासरी वापर धरला, तर पाच तासांचे साडेचार तास होतील. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये काही मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर डिस्क थांबवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा; मात्र वेळ अगदी एक-दोन मिनिटांची ठेवू नये, कारण वारंवार थांबणे आणि पुन्हा सुरू होणे हीच डिस्कची सर्वांत मोठी झीज असते.

उघडण्याच्या आधी दोन कामे करावीत. पहिले, महत्त्वाच्या फायलींची प्रत लॅपटॉपबाहेरील डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतीतील चार फायली उघडून पाहाव्यात. दुसरे, बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपमध्ये ते अनेकदा मालकाच्या नकळत आपोआप चालू झालेले असते. बायोसमध्ये बदल केल्यावर किंवा डिस्कची जागा हलवल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. काम सुरू करण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. की नसेल, तर त्या डिस्कवरील माहिती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नाही, आणि हे वाक्य मला समोरच्याला सांगावे लागते तेव्हा फार वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष उघडणे. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, आणि बॅटरी आत बसवलेली असेल तर झाकण काढताच सर्वप्रथम तिचा कनेक्टर सोडवावा. त्यानंतर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. अंगावरील स्थिर वीज घालवण्यासाठी एखाद्या मोठ्या, उघड्या धातूच्या वस्तूला हात लावावा आणि गालिच्यावर बसून काम करू नये. स्क्रू बहुधा पीएच० किंवा पीएच१ मापाच्या पेचकसाने निघतात, काही लॅपटॉपना ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा टी५ टॉर्क्स लागतो. चुकीच्या मापाच्या पेचकसाने स्क्रूचे डोके एकदा घासले गेले की पुढचे सगळे काम अवघड होते. झाकण उचलण्यासाठी लोखंडी वस्तू न वापरता प्लास्टिकची पातळ पट्टी वापरावी, आणि कडेने सरकवत एकेक खटका सोडवावा. एखादी बाजू निघत नसेल, तर जोर लावू नये. रबराच्या पायाखाली किंवा लेबलखाली एखादा स्क्रू लपलेला असतो.

स्क्रूंच्या बाबतीत मी एकदा चूक केली आहे. सुरुवातीच्या काळात, सगळे स्क्रू एकाच वाटीत ठेवून मी एक लॅपटॉप बंद केला, आणि आखूड स्क्रूच्या जागी गेलेल्या लांब स्क्रूने वरच्या कीबोर्डच्या बाजूने प्लास्टिकला फुगवटा आणला. मदरबोर्ड वाचला तो केवळ दोन मिलिमीटरने. तेव्हापासून मी कागदावर लॅपटॉपच्या तळाचे चित्र काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्या चित्रावर त्याच्या जागी चिकटपट्टीने लावतो. झाकणाच्या आतला फोटो कशालाही हात लावण्यापूर्वी काढून ठेवावा, हेही त्यातूनच शिकलो.

कॅडीत डिस्क बसवताना ती सपाट ठेवून कनेक्टरकडे सरळ ढकलावी, तिरकी करून दाबू नये. पूर्ण बसली की मागे उरलेल्या जागेत कॅडीसोबत आलेला अडसर लावावा आणि बाजूचे स्क्रू घट्ट करावेत. ७ मिलिमीटरची डिस्क जाड कॅडीत खाली-वर हलत असेल, तर तिच्याखाली फोमची पातळ पट्टी द्यावी. काही कॅडींवर एक छोटी कळ असते. लॅपटॉप डिस्क ओळखत नसेल, तर तिची जागा बदलून पाहावी. एम.२ पट्टी सुमारे ३० अंशांच्या कोनात सॉकेटमध्ये सरकवावी, सोनेरी दात दिसेनासे झाले की टोक अलगद खाली दाबून स्क्रू लावावा. एनव्हीएमई पट्टी कामाच्या भारात चांगलीच तापते आणि फार तापली की स्वतःचा वेग कमी करते. लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी दिलेली असेल, तर तिचे आवरण काढून ती परत त्याच जागी लावावी. रिबन केबलच्या कनेक्टरवर उघडणारी बारीक दांडी असते; ती न उचलता केबल ओढली तर केबलचे दात फाटतात.

झाकण लगेच बंद करू नये. बॅटरीचा कनेक्टर लावून यंत्र एकदा सुरू करावे, बायोसमध्ये जावे आणि दोन्ही डिस्क तिथे दिसतात का ते पाहावे. तिथे न दिसणारी डिस्क विंडोजमध्ये कधीच दिसणार नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत रेड किंवा इंटेल आरएसटी अशी दिसली, तर ती 'एएचसीआय असावी असे वाचले होते' म्हणून बदलून टाकू नये. तयारी न करता हा बदल केला, तर आधीचे विंडोज निळा पडदा दाखवून सुरू होण्याचे नाकारते.

विंडोज एसएसडीवर नेण्याचे दोन मार्ग आहेत, नव्याने टाकणे किंवा जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करणे. जुन्या विंडोजमध्ये वर्षांचा कचरा साठला असेल, तर मी नव्याने टाकण्याच्या बाजूचा आहे. नव्याने टाकताना एक नियम पाळावा: लॅपटॉपमध्ये फक्त एसएसडी ठेवावी आणि जुनी डिस्क बाहेर काढावी. दोन्ही आत असतील, तर विंडोज स्वतः एसएसडीवर जाते, पण यंत्र सुरू करणारे छोटे ईएफआय पार्टिशन आधीपासून जुन्या डिस्कवर असल्यामुळे सुरुवातीच्या फायली तिथेच लिहिल्या जातात. सगळे छान चालते. पुढे कधीतरी ती जुनी डिस्क पुसली जाते किंवा बिघडते आणि पूर्ण निरोगी एसएसडी असूनही लॅपटॉप उठत नाही. क्लोन केला असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना केवळ नवी डिस्क आत असावी. हुबेहूब प्रतीमुळे दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच होते आणि विंडोज त्यांतील एकीला ऑफलाइन करून ठेवते.

जुनी डिस्क परत लावल्यावर घाईने पुसू नका. दोन-तीन आठवडे तशीच वापरावी, काही राहिले नाही याची खात्री करावी आणि मगच तिचे जुने विंडोजचे पार्टिशन काढून टाकावे. त्याऐवजी कोरी डिस्क बसवली असेल, तर 'धिस पीसी'मध्ये (पूर्वीचे 'माय कॉम्प्युटर') ती दिसणार नाही, आणि त्यावरून ती खराब आहे असे अनेकांना वाटते. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ती 'अनअ‍ॅलोकेटेड' अशी दिसते. तिथे जीपीटी ही विभागणीची पद्धत निवडून ती इनिशियलाइज करावी, साधा व्हॉल्यूम तयार करावा आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा. जुनी एमबीआर पद्धत २ टीबीच्या आसपास थांबते, तेव्हा तिच्याकडे जाण्याचे कारण नाही. परंतु ज्या डिस्कवर आपली माहिती असायला हवी, तीच डिस्क इनिशियलाइज करायची का असे विंडोज विचारू लागले, तर उत्तर नेहमी 'नाही' असावे. तो बिघाडाचा इशारा आहे. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली, तर त्यात फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

यानंतर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे फोल्डर त्यांच्या प्रॉपर्टीजमधील लोकेशन या भागातून मोठ्या डिस्कवर हलवावेत. प्रोग्राम फाइल्स किंवा संपूर्ण यूजर्स फोल्डर उचलून नेण्याचा प्रयत्न करू नये. पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी तो अंगाशी येतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये) डिस्कचे नाव न लिहिता तिची यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहावी, कारण दोन डिस्क आल्या की नावांचा क्रम बदलू शकतो, आणि 'नोफेल' हा पर्याय जोडावा, नाहीतर कॅडीतील डिस्क एखाद्या दिवशी सापडली नाही तर यंत्र अर्ध्यावरच अडकते.

कॅडीची प्रकृती कशी आहे, हे पहिल्या महिन्यात तपासत राहावे. डिस्कच्या स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांत, १९९ क्रमांकाची नोंद जोडणीतील चुका मोजते. ती वाढत असेल, तर डिस्क बरी आहे, दोष कॅडीचा किंवा कनेक्टरचा आहे; कॅडी बदलावी. ५, १९७ आणि १९८ या नोंदी मात्र डिस्कच्या पृष्ठभागाविषयी बोलतात. आपली जुनी १ टीबीची डिस्क साठवणीसाठी ठेवण्यापूर्वी या तीन आकड्यांकडे जरूर पाहावे. १९७ शून्य नसेल आणि वाढत असेल, तर तिच्यावर नवे काही न लिहिता आधी जुने बाहेर काढावे. दोन डिस्क आत आहेत म्हणून एकीवरची प्रत दुसरीवर ठेवून बॅकअप झाला, असेही मानू नये. लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यावर पाणी सांडले, तर दोन्ही एकदमच जातात.

राहिला डीव्हीडी ड्राइव्ह. पातळ साटा ड्राइव्हसाठी यूएसबीची बाहेरील पेटी मिळते. तिच्या मापाकडे, १२.७ की ९.५, तेवढेच लक्ष द्यावे. पेटी घ्यायची नसेल, तर ड्राइव्ह, त्याचा स्क्रू आणि कॅडीसोबत आलेली सपाट पट्टी एका पिशवीत घालून त्यावर लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक लिहावा. वॉरंटीसाठी लॅपटॉप पाठवायची वेळ आली, तर तो पूर्वीच्या स्थितीत आणायला दहा मिनिटे लागतील, आणि आपली डिस्क आपल्यापाशीच राहील.